ईगलचे छत आणि ईगलची पाटी

केंब्रिजमध्ये किंग्ज कॉलेजच्या चॅपलसमोरून दक्षिणेकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला बेनेट स्ट्रीट लागतो. नाक्यावर सदैव गर्दी असते, कारण तिथे कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजच्या भिंतीत एक भलेमोठे सोनेरी घड्याळ बसवले आहे. त्याला काटे नाहीत. वर बसलेला टोळासारखा किडा जबडा उघडतो, मिटतो आणि एकेक सेकंद गिळत राहतो. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. बरेच पर्यटक त्याचा फोटो काढून तिथूनच परत फिरतात. गल्लीत थोडे पुढे गेले, तर उजवीकडे सेंट बेनेट चर्चचा मनोरा दिसतो. हजारएक वर्षांपूर्वीचा हा मनोरा केंब्रिजमधले सर्वांत जुने बांधकाम आहे. आणि डाव्या हाताला, रस्त्याच्या उत्तरेला, ‘द ईगल’ हा पब आहे.

हा पब १६६७ सालचा. तेव्हा त्याचे नाव ‘ईगल अँड चाइल्ड’ होते. त्याआधीची दोन वर्षे प्लेगने विद्यापीठ बंद पाडले होते. १६६७ च्या एप्रिलमध्ये घरी गेलेली मंडळी परतू लागली, त्यांत ट्रिनिटी कॉलेजचा चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी होता. गावी घालवलेल्या त्या सक्तीच्या सुट्टीत त्याने प्रकाश, गती आणि गुरुत्वाकर्षण यांवर विचार केला होता. आयझॅक न्यूटन त्याच वर्षी ट्रिनिटीचा फेलो झाला. न्यूटन इथे कधी बसला होता असा दावा कोणी करत नाही, आणि तशी गरजही नाही. या पबाकडे स्वतःच्या म्हणून इतक्या गोष्टी आहेत की उसन्या घ्याव्या लागत नाहीत.

मराठी वाचकाच्या मनात मद्यालय म्हटले की मंद उजेडाची परमिट रूम येते. इंग्लंडमधला जुना पब समजून घ्यायला ती प्रतिमा कामाची नाही. इथे दुपारी आजीआजोबा नातवंडांना घेऊन जेवायला येतात, कुणाचा कुत्रा टेबलाखाली झोपलेला असतो, कोपऱ्यात एखादी विद्यार्थिनी प्रबंधाची पाने तपासत बसलेली असते. पेय हवे असेल तर काउंटरवर स्वतः जायचे, सांगायचे, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास घेऊन जागा शोधायची. वेटरची वाट पाहत बसणारा पाहुणा तहानलेलाच राहतो. बिअर पाइंटच्या मापात मिळते, म्हणजे ५६८ मिलिलिटर. तळघरातल्या पिंपातून हातपंपाने ओढलेली ‘एल’ बर्फासारखी थंड नसते. आपल्याकडच्या सवयीने पहिला घोट घेणारा त्यामुळे थोडा बावरतो. ईगलमध्ये ‘ईगल्स डीएनए’ नावाची खास एल मिळते. त्या नावाची कथा पुढे येईलच.

आत शिरल्यावर हा एक पब आहे की चार घरे जोडून केलेला वाडा आहे, असा प्रश्न पडतो. खोलीतून खोली निघत जाते आणि मध्ये फरसबंद अंगण लागते. अंगणावर वरच्या मजल्याची लाकडी कठड्याची गॅलरी आहे. ती या इमारतीचे मूळ काम सांगते. ही प्रवाशांची सराई होती. घोड्यांच्या गाड्या कमानीतून थेट अंगणात येत, घोडे पागेत जात आणि प्रवासी जिन्याने वरच्या खोल्यांत. वरची एक खिडकी मात्र बारमाही उघडी असते. फार पूर्वी इथे आग लागली, खिडकी बंद असल्यामुळे एका मुलाला बाहेर पडता आले नाही, आणि तेव्हापासून ती बंद करायची नाही असा दंडक आहे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला पुरावा नसतो. पण ती सांगितली जाते, आणि थंडीच्या दिवसांतही खिडकी उघडी राहते.

सराई, घोडे आणि केंब्रिज यांचा संबंध सांगायचा तर टॉमस हॉब्सनला टाळून चालणार नाही. केंब्रिज आणि लंडनच्या दरम्यान माल आणि टपाल वाहणारा हा गाडीवान १५४४ मध्ये जन्मला आणि १६३१ मध्ये वारला. त्याची पागा ईगलपासून चालत दोन मिनिटांवर, आज सेंट कॅथरिन्स कॉलेज आहे तिथे होती. गाड्यांना जुंपायची नसतील तेव्हा तो आपली घोडी विद्यार्थ्यांना भाड्याने देई. चांगली घोडी सगळे मागत आणि दामटून दामटून थकवत, म्हणून त्याने नियम केला की दाराजवळ उभे असेल तेच घोडे घ्यायचे, नाहीतर पायी जायचे. आलेले घोडे रांगेत मागे जाई आणि प्रत्येकाला विसावा मिळे. प्राण्यांवर माया असलेल्या माणसाचा हा नियम इंग्रजीत त्याच्या नावाची म्हण होऊन बसला. तो गेला तेव्हा क्राइस्ट्स कॉलेजात शिकणाऱ्या जॉन मिल्टन नावाच्या विद्यार्थ्याने त्याच्यावर दोन कविता केल्या. इतका तो गावाचा होता.

या सराया आणि विद्यापीठ यांचे नाते मात्र कधीच साधे नव्हते. १३८१ च्या शेतकरी उठावात केंब्रिजच्या नागरिकांनी कॉर्पस ख्रिस्ती कॉलेज लुटले. खरे तर ते कॉलेज १३५२ मध्ये गावातल्याच दोन संघांनी स्थापन केले होते, पण तीस वर्षांत ते गावावर कर बसवणारे जमीनदार झाले होते. विद्यापीठाची कागदपत्रे बाजारचौकात आणून जाळली गेली. मार्जरी स्टार नावाच्या एका वृद्धेने ती राख वाऱ्यावर उधळत या शिकलेल्यांच्या विद्येचा धिक्कार केला, अशी नोंद आहे. उठाव मोडल्यावर राजाने गावाला शिक्षा म्हणून पाव, दारू आणि वजनमापे यांवरची देखरेख १३८२ मध्ये विद्यापीठाच्या हाती दिली. म्हणजे गावात विकल्या जाणाऱ्या बिअरची प्रत आणि किंमत ठरवायचा अधिकार विद्वानांकडे गेला. पुढे कित्येक पिढ्या दारूच्या दुकानांचे परवानेही कुलगुरू देत. संध्याकाळी विद्यापीठाचे प्रॉक्टर आपले शिपाई घेऊन रस्त्यांवर गस्त घालत. अंगावर गाउन नसलेला विद्यार्थी सापडला की त्याला सहा शिलिंग आठ पेन्स दंड होई. १८४५ मध्ये रेल्वे आली, तेव्हा विद्यापीठाने कायद्यातच तरतूद करून घेतली की त्याचे अधिकारी स्थानकात येऊन विद्यार्थ्यांची चौकशी करू शकतील आणि रेल्वेने त्यांना नेऊ नये असे सांगू शकतील. स्थानक गावाबाहेर, चालायला कंटाळा येईल इतके लांब बांधले गेले. तरी गाड्या धावू लागल्या आणि घोडागाड्यांचे दिवस संपले. ईगलच्या अंगणात घोड्यांच्या जागी टेबले आली.

इतका पहारा असूनही केंब्रिजच्या सरायांत विचार शिजत होते. ईगलच्या आधी शंभर-दीडशे वर्षे, किंग्ज कॉलेजला लागून असलेल्या ‘व्हाइट हॉर्स’ सराईत १५२० च्या दशकात काही तरुण धर्मपंडित जमत. जर्मनीतून चोरून आलेली मार्टिन ल्यूथरची पुस्तके ते वाचत, त्यांवर वाद घालत. गावकरी त्या सराईला ‘छोटी जर्मनी’ म्हणू लागले. त्या बैठकीशी जोडल्या जाणाऱ्यांपैकी टॉमस बिल्नीला १५३१ मध्ये जाळले, रॉबर्ट बार्न्सला १५४० मध्ये, ह्यू लॅटिमरला १५५५ मध्ये. ती सराई १८७० मध्ये पाडली गेली. आता तिथे भिंतीवर फक्त एक पाटी आहे.

ईगल वाचला. त्याच्या भिंतींवर लोकांनी स्वतःच लिहून ठेवले, हे त्याचे मोठे भाग्य.

मागच्या बाजूला एक खोली आहे, तिला ‘आरएएफ बार’ म्हणतात. आत गेल्यावर माणूस आधी आडव्या रेषेत पाहतो: लाकडी बाके, चौकटीतल्या छायाचित्रांवर विमाने, पथकांची बोधचिन्हे. मग मान वर जाते आणि बराच वेळ वरच राहते. तांबूस-तपकिरी छतावर काळपट अक्षरांत आकडे, नावे आणि आद्याक्षरे अशी दाटीवाटीने उमटली आहेत की कुठून वाचायला सुरुवात करावी ते कळत नाही. अक्षरे वेडीवाकडी आहेत, काही अर्धवट आहेत. एखादा पथकाचा क्रमांक हातभर मोठा, तर शेजारचे नाव बोटभर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी वैमानिकांनी मेणबत्तीच्या आणि लायटरच्या ज्योतीने ती काढली आहेत. ज्योत छताजवळ धरायची आणि काजळीने अक्षर उमटवायचे. काही ठिकाणी लिपस्टिकही वापरली आहे. ती कुणाच्या पर्समधून आली असेल, याचा विचार प्रत्येक पाहुण्याच्या मनात येतो. एका संध्याकाळी एक फ्लाइट सार्जंट टेबलावर चढला आणि त्याने आपल्या पथकाचा क्रमांक छतावर उमटवला, तिथून ही प्रथा पडली, असे पबात सांगतात.

केंब्रिजच्या भोवतीचा प्रदेश सपाट आहे आणि जर्मनीच्या बाजूला आहे. म्हणून युद्धकाळात तिथे विमानतळांची दाटी झाली. डक्सफर्डला लढाऊ विमाने होती. १९४० मध्ये देश गमावून आलेले चेक वैमानिकही तिथूनच उडत. ओकिंग्टन, बोर्न, वॉटरबीच इथून ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने रात्री जर्मनीवर जात. बॅसिंगबोर्नहून अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची विमाने दिवसाढवळ्या निघत. मोकळी संध्याकाळ मिळाली की ही पोरे ट्रकमध्ये बसून केंब्रिजला येत. पोरेच म्हणायला हवे. बहुतेकांचे वय विशीच्या आसपास होते, म्हणजे शेजारच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचेच.

त्या काळात ‘परत येऊ’ असे म्हणणे म्हणजे काय होते, हे आकड्यांवरून थोडे कळते. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी विमानांत काम केले. त्यांतले ५५,५७३ मारले गेले. एका फेरीत तीस मोहिमा पूर्ण करायच्या असत, मग काही काळ विश्रांती. तिसावी मोहीम पाहणारे थोडेच होते. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने २६,००० हून अधिक माणसे गमावली. केंब्रिजच्या पश्चिमेला मॅडिंग्लीच्या उतारावर, विद्यापीठाने दिलेल्या जमिनीवर अमेरिकी युद्धस्मशान आहे. तिथे ३,८०० हून अधिक थडगी आहेत, आणि ज्यांचे देहच सापडले नाहीत अशा ५,१२७ जणांची नावे दगडी भिंतीवर एका मापात, एका वळणात कोरली आहेत. ईगलचे छत पाहिलेल्या माणसाने ती भिंत आवर्जून पाहावी. तिथली अक्षरे राष्ट्राने लिहिली आहेत. इथली त्यांनी स्वतः लिहिली, तेही हातात ग्लास असताना, मित्रांनी खुर्ची धरलेली असताना, उद्याची मोहीम डोळ्यांपुढे असताना.

युद्धानंतर छतावर सिगारेटच्या धुराचे थरावर थर चढले आणि अक्षरे झाकोळून गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलातल्या एका निवृत्त तंत्रज्ञाने ती वाचायचा ध्यास घेतला. कुठले पथक, कुठला तळ, कुठले नाव, अशी एकेक खूण त्याने शोधली आणि छत जपले जाईल याची काळजी घेतली. त्याने हे केले नसते तर एखाद्या नूतनीकरणात छतावर पांढरा रंग फासला गेला असता, यात शंका नाही. इंग्लंडमध्ये २००७ पासून पबात धूम्रपानाला बंदी आहे, त्याचा फायदा या काजळीच्या अक्षरांनाही झाला.

युद्ध संपून सहा वर्षे झाली आणि ईगलच्या टेबलांवर दुसऱ्या तऱ्हेची माणसे रोज दिसू लागली. पबासमोरून फ्री स्कूल लेन नावाची अरुंद गल्ली निघते. त्या गल्लीत १८७४ पासून कॅव्हेंडिश प्रयोगशाळा होती. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला तो इथे, आणि मुंबईहून गेलेल्या होमी भाभांनी १९३० च्या दशकात काम केले तेही इथेच. प्रयोगशाळेच्या फाटकातून निघून ईगलच्या काउंटरपर्यंत यायला दोन-तीन मिनिटे पुरत. त्या काळात ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होते, मांसावरचे नियंत्रण तर १९५४ च्या जुलैपर्यंत उठले नाही. बाहेर जेवायला मात्र कुपने लागत नसत. दुपारचे जेवण पबात करण्याला हेही एक कारण होते.

१९५१ च्या शरद ऋतूत अमेरिकेहून तेवीस वर्षांचा जेम्स वॉटसन कॅव्हेंडिशमध्ये आला. तिथे त्याला फ्रान्सिस क्रिक भेटला. क्रिकचे वय पस्तीस होते, युद्धात नौदलासाठी सुरुंगांवर काम केल्यामुळे पीएचडी राहून गेली होती आणि त्याचा आवाज व हसणे इतके मोठे होते की प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग त्याला टाळत. दोघांचे पटकन जमले. डीएनएची रचना शोधायची हा ध्यास दोघांनाही होता, आणि दुपारी ईगलमध्ये बसून त्यावर अखंड बोलत राहणे हा त्यांचा नेम झाला. त्यांनी स्वतः डीएनएवर प्रयोग केले नाहीत. इतरांनी मिळवलेली माहिती गोळा करायची, ती जुळते का पाहायचे, तारा आणि पत्र्याचे तुकडे जोडून प्रतिकृती उभी करायची, हे त्यांचे काम. अशा कामाला बोलणे हेच अवजार असते. म्हणून पबातले ते टेबल प्रयोगशाळेचाच एक भाग मानायला हवे.

१९५१ च्या अखेरीस त्यांनी केलेली पहिली प्रतिकृती सपशेल चुकली. लंडनच्या किंग्ज कॉलेजातून ती पाहायला आलेल्या रोझालिंड फ्रँकलिनने तिच्यातले दोष जागच्या जागी दाखवून दिले, आणि ब्रॅग यांनी दोघांना हा विषय सोडायला सांगितले. सव्वा वर्षाने, १९५३ च्या जानेवारीच्या अखेरीस, अमेरिकेतल्या लायनस पॉलिंग यांनी तीन पेडांची रचना मांडल्याचे कळले. पॉलिंग म्हणजे रसायनशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. त्यांचा मुलगा पीटर केंब्रिजमध्येच होता आणि वडिलांच्या लेखाची प्रत त्याच्याकडे आली होती. वॉटसनने ती वाचली आणि त्याचा विश्वास बसेना. पॉलिंग यांच्या रचनेतले आम्ल हे आम्लच उरत नव्हते! त्या संध्याकाळी ईगलचे दार उघडताच दोघे आत शिरले आणि पॉलिंग यांच्या चुकीच्या नावाने त्यांनी पेले उंचावले. वॉटसनने नेहमीच्या शेरीऐवजी क्रिकच्या खर्चाने व्हिस्की घेतली, असे त्याने लिहून ठेवले आहे. दार उघडण्याची वाट पाहावी लागली, यामागेही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून पब दुपारी काही तास बंद ठेवायचा नियम झाला. तो १९८८ पर्यंत टिकला.

मग आला २८ फेब्रुवारी १९५३ चा शनिवार. सकाळी वॉटसन पुठ्ठ्याचे कापलेले आकार टेबलावर सरकवत बसला होता. अॅडेनीन थायमीनशी जोडले आणि ग्वानीन सायटोसीनशी, की दोन्ही जोड्यांचा आकार नेमका सारखा होतो, हे त्याच्या लक्षात आले. दोन पेडांचा गोफ विणायला हव्या असलेल्या पायऱ्या मिळाल्या होत्या. शिवाय एका पेडावरून दुसरा कसा तयार होईल, म्हणजे आईबापांचा वारसा मुलांत कसा उतरतो, हेही त्या जोड्यांतच दिसत होते. दुपारी क्रिकने ईगलमध्ये शिरून, ऐकू येईल त्या प्रत्येकाला आपल्याला जीवनाचे रहस्य सापडल्याचे सांगितले.

जगभरातून लोक ईगलला येतात ते या एका वाक्यासाठी. हे वाक्य आले आहे वॉटसनच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डबल हेलिक्स’ या पुस्तकातून. क्रिकने १९८८ मध्ये आपले पुस्तक लिहिले, तेव्हा पबात असे काही बोलल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्याने नमूद केले. त्याला आठवत होते ते घरी जाऊन पत्नी ओडीलला सांगितलेले. तिने त्यावर काडीचा विश्वास ठेवला नव्हता, कारण नवरा रोजच असे काहीतरी सांगत असे. ओडील चित्रकार होती. काही आठवड्यांनी छापून आलेले डीएनएचे ते सुप्रसिद्ध चित्र तिनेच काढले. त्या दिवसांचा अस्सल कागद हवा असेल, तर १९ मार्च १९५३ रोजी क्रिकने शाळेत शिकणाऱ्या आपल्या बारा वर्षांच्या मुलाला लिहिलेले पत्र आहे. त्यात सगळा शोध चित्रे काढून समजावला आहे. २०१३ मध्ये लिलावात त्या पत्राला साठ लाख डॉलर मिळाले.

ईगलच्या टेबलावर घडलेली एक दुसरी गोष्ट त्या आरोळीपेक्षा मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. १९५३ च्या उन्हाळ्यात जॉर्ज गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञाचे पत्र आले. डीएनएतल्या चार घटकांच्या क्रमातून प्रथिनांचे घटक ठरतात, म्हणजे ही एक सांकेतिक लिपी असणार, असा त्याचा तर्क होता. त्यासाठी प्रथिनांत नेमकी किती अमिनो आम्ले असतात ते ठरवणे भाग होते. पाठ्यपुस्तकांतल्या याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. काहींत दुर्मिळ आम्ले होती, काहींत नेहमीचीच गाळलेली होती. क्रिक आणि वॉटसन ईगलमध्ये बसले आणि कुठली ठेवायची, कुठली काढायची ते ठरवत गेले. यादी वीसवर थांबली. आज शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात असते ती वीस अमिनो आम्लांची यादी त्या टेबलावर पहिल्यांदा नीट लिहिली गेली, आणि ती बरोबर ठरली. पुढची दहा-बारा वर्षे जनुकीय लिपी उलगडणारे सगळे तिच्यावरच उभे राहिले.

१९६२ मध्ये जीवरेणूंवर काम करणारी मंडळी गावाच्या दक्षिणेला नव्या प्रयोगशाळेत गेली. १९७४ मध्ये कॅव्हेंडिशही पश्चिमेला हलली. जयंत नारळीकर १९५७ मध्ये वाराणसीहून केंब्रिजला आले, तेव्हा फ्री स्कूल लेनमधली ती दुपारची वर्दळ अजून चालू होती. त्या गावातली त्यांची वर्षे ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात आहेत. केंब्रिजच्या गल्ल्या मराठीत वाचायच्या असतील तर त्या पुस्तकाला पर्याय नाही. आज तिथे जाणाऱ्याला शास्त्रज्ञ मंडळी क्वचित दिसतील. वॉटसन आणि क्रिक बसत त्या मधल्या खोलीत पर्यटक आळीपाळीने फोटो काढतात. जागा कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजची आहे, आणि पब चालवते ती १७९९ मध्ये बरी सेंट एडमंड्स इथे सुरू झालेली ग्रीन किंग ही बिअर कंपनी.

दाराबाहेरची पाटी २५ एप्रिल २००३ रोजी, डीएनएवरचा लेख ‘नेचर’मध्ये आल्याला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, खुद्द वॉटसनने उघडली. तिच्यावर दोनच नावे होती. लेख प्रसिद्ध झालेल्या त्या अंकात मात्र एक नव्हे, तीन लेख होते. दुसरा लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्याच मॉरिस विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा, तिसरा रोझालिंड फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांचा. फ्रँकलिनच्या देखरेखीखाली गॉस्लिंगने मे १९५२ मध्ये घेतलेले ५१ क्रमांकाचे क्ष-किरण छायाचित्र विल्किन्स यांनी जानेवारी १९५३ मध्ये वॉटसनला दाखवले. तिला त्याची कल्पना नव्हती. तिने केलेली मोजमापे एका सरकारी अहवालातून क्रिकच्या हाती पडली, तीही तिला न विचारता. त्यांच्याशिवाय गोफाचे माप जुळले नसते. १९५८ च्या एप्रिलमध्ये, सदतीसाव्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. चार वर्षांनी क्रिक, वॉटसन आणि विल्किन्स यांना नोबेल मिळाले. पुढे वॉटसनच्या पुस्तकात ती ‘रोझी’ म्हणून आली, चिडखोर, नीटनेटकी न राहणारी, दुसऱ्याची मदतनीस. ते चित्र खोटे होते, आणि ते पुसायला तिची मैत्रीण अ‍ॅन सेयर हिला १९७५ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले.

फ्रँकलिन केंब्रिजला परकी नव्हती. १९३८ ते १९४१ ती इथल्याच न्यूनहॅम कॉलेजात शिकली, ईगलपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तेव्हा केंब्रिज मुलींची परीक्षा घेई, पण पुरुषांच्या बरोबरीची पदवी देत नसे. ती मिळू लागली १९४८ मध्ये.

२०१७ च्या सुमारास कुणीतरी त्या पाटीवर, दोन नावांच्या शेजारी, अधिकचे चिन्ह काढून ‘फ्रँकलिन’ असे खरडले. सार्वजनिक पाटी विद्रूप करणे गुन्हाच. पण ज्या इमारतीच्या छतावरची खरड राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली जाते, तिच्या दारावर ही एक खरड अगदी योग्य जागी पडली होती. पर्यटक तिचे फोटो काढू लागले, वर्तमानपत्रांत ते छापून आले. २०२३ मध्ये, शोधाला सत्तर वर्षे झाली तेव्हा, नवी पाटी लागली. तिच्यावर रोझालिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांचीही नावे आहेत. उशीर झाला, पण काम नीट झाले.

ईगल पाहून झाल्यावर तासभर हाताशी असेल, तर गावातून उत्तरेला पोर्तुगाल प्लेसपर्यंत जावे. ही पायी चालायची छोटी गल्ली आहे. तिथे क्रिकच्या जुन्या घराच्या दारावर त्याने लावलेला सोनेरी सर्पिल अजून आहे, दुपेडी नव्हे, एकपेडीच. १९५६ मध्ये शस्त्रक्रियेनंतर फ्रँकलिन काही दिवस विश्रांतीसाठी क्रिक आणि ओडील यांच्याकडे येऊन राहिली होती. तेव्हा ती विषाणूंच्या रचनेवर काम करत होती, आणि त्या कामाबद्दल क्रिकशी तिचा मोकळा पत्रव्यवहार होता. तिच्या मोजमापांवर आपण किती अवलंबून होतो, हे त्याने तिला तेव्हा सांगितले होते का, हा प्रश्न तिच्या चरित्रकारांना अजून सोडत नाही.